पहिले एम्ब्रॉयडरी मशीन निवडताना: वेग, रंग आणि फ्रेमचा हिशोब

या पाठात आपण छोट्या व्यवसायासाठी पहिले कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन कसे निवडायचे ते पाहणार आहोत. शिवणयंत्राची तोंडओळख असली तरी पुरे. गणित बेरीज-भागाकाराच्या पुढे फारसे जात नाही. फक्त एके ठिकाणी अकरावीच्या भौतिकशास्त्रातले एक समीकरण येईल. ते नको असेल तर तेवढा परिच्छेद सोडून पुढे वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनीने घरच्या घरी भरतकामाचा धंदा सुरू करायचे ठरवले. मशीन निवडायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी माहितीपत्रके मागवली, कोणते मशीन मिनिटाला किती टाके घालते याचा तक्ता केला आणि बसणाऱ्या किमतीत सर्वांत वेगवान असलेले घरगुती मशीन निवडले. वहिनीने गंठण तारण ठेवून पैसे उभे केले. पहिली ऑर्डर आली ती एका क्लासच्या ४० टी-शर्टांवर छातीपाशी नाव काढायची. दुसऱ्याच टी-शर्टला तिचा फोन आला, "वन्सं, हे तर पुढचं-मागचं एकत्रच शिवून टाकतंय." मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. ते सपाट कापडासाठी केलेले होते आणि ऑर्डर तयार कपड्यांची होती. तो फरक माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता. पुढे जे लिहिले आहे ते त्या तक्त्यात असायला हवे होते.

मशीन आत काय करते

साध्या शिवणयंत्रात खालचे दात कापड पुढे सरकवतात. एम्ब्रॉयडरी करताना दातांचे काम नसते. कापड फ्रेममध्ये ताणून बसवलेले असते आणि ती फ्रेम दोन मोटारी आडव्या-उभ्या दिशेने हलवतात. सुई कापडाबाहेर असते तेवढ्या वेळात फ्रेमने पुढच्या जागी जाऊन थांबायचे. मग सुई खाली येते, हुक वरच्या धाग्याचा फास पकडून तो बॉबिनभोवती फिरवतो आणि टाका पक्का होतो. कोणता टाका कुठे घालायचा हे डिझाइनच्या फाइलमध्ये असते. अशी फाइल तयार करण्याला धंद्यात 'पंचिंग' म्हणतात.

आता वेगाकडे येऊ. मिनिटाला १,००० टाके म्हणजे एका टाक्याला ६० मिलिसेकंद. त्यातला निम्मा वेळ सुई बाहेर आहे असे धरू. म्हणजे फ्रेमला हलायला ३० मिलिसेकंद मिळतात. टाका ४ मिलिमीटरचा असेल तर पहिल्या १५ मिलिसेकंदांत २ मिलिमीटर वेग घ्यायचा आणि पुढच्या १५ मध्ये तेवढ्याच अंतरात थांबायचे. अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले की त्वरण मिळते: ०.००४ भागिले ०.०००२२५, म्हणजे सुमारे १७.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्व त्वरणाच्या १.८ पट झाले. टाका ८ मिलिमीटरचा असेल तर याच्याही दुप्पट. तोच ४ मिलिमीटरचा टाका मिनिटाला ६०० च्या वेगाने घातला तर त्वरण ६.४ वर येते. वेग पावणेदोन पटीपेक्षा कमीच वाढला, पण फ्रेमवरचे बल मात्र पावणेतीन पट झाले.

म्हणूनच कोणतेही चांगले मशीन लांब टाक्यांवर आपोआप सावकाश होते. पुस्तिकेत लिहिलेला वेग हा बारीक टाक्यांचा, सरळ रेषेतला, जास्तीत जास्त वेग असतो. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये वळणे असतात, रुंद साटीन असते, धागा कापून दुसरीकडे जाणे असते. मी हिशोबासाठी छापील वेगाच्या ७० टक्के धरते. घरगुती मशीन ८५० चे असेल तर ६००, आणि व्यावसायिक १,००० चे असेल तर ७००. डळमळीत टेबलावर किंवा पोकळ लाकडी माळ्यावर ठेवले तर तेवढाही मिळत नाही, आणि अक्षरांच्या कडा हलतात त्या वेगळ्याच. मशीनसाठी तळमजल्याची पक्की फरशी राखून ठेवा.

बाजारातले प्रकार

घरगुती मशीन एका सुईचे असते. उषा-जानोम, ब्रदर अशा कंपन्यांची ही मशीन तुम्ही दुकानांत पाहिली असतील. काही शिवण आणि भरतकाम दोन्ही करतात, काही फक्त भरतकाम. रंग बदलायचा असला की मशीन थांबते, तुम्ही जुने रीळ काढून नवे ओवता आणि ते पुन्हा सुरू होते.

दुसरा प्रकार एक हेड, अनेक सुया असा: सहा, दहा, बारा किंवा पंधरा सुयांचा. हेड एकच, त्यामुळे एका वेळी नग एकच होतो. पण प्रत्येक सुईत वेगळा रंग आधीच ओवलेला असतो आणि हेड सरकून पुढची सुई स्वतःच समोर आणते. यातल्या बहुतेक मशीनचा खालचा भाग हातासारखा पुढे आलेला असतो. टी-शर्ट त्यावर बाहीसारखा चढवता येतो, म्हणून मागची बाजू मध्ये येत नाही. वहिनीला हवे होते ते हेच.

तिसरा प्रकार अनेक हेडांचा. सुरतेत साड्या आणि ड्रेस मटेरियलवर जे काम होते ते अशा लांबलचक मशीनवर. वीस हेडांचे मशीन एकाच वेळी वीस सारखे नग काढते, आणि कारागीर एखाद-दुसराच लागतो. पहिल्या मशीनसाठी हा प्रकार सोडून द्या, पण तो अस्तित्वात आहे हे विसरू नका. या धंद्यात जॉब वर्कचा भाव बहुधा हजार टाक्यांवर ठरतो. हजार टाक्यांच्या भावात एक हेडवाला वीस हेडवाल्याशी कधीच टिकणार नाही. पाचशे सारखे नग आणि आठवड्याची मुदत, ही ऑर्डर तुमची नव्हे. तुमची ऑर्डर म्हणजे बारा डॉक्टरांच्या बारा वेगवेगळ्या नावांचे एप्रन, लग्नातल्या तीन ब्लाउजांचे गळे, एका छोट्या शाळेचे साठ खिसे. अशा कामाला मोठा कारखाना हात लावत नाही, आणि तिथे भाव टाक्यावर न ठरता नगावर ठरतो.

वेळ नक्की कुठे जातो

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या खिशावरचे बोधचिन्ह, ८,००० टाके, चार रंग. छातीवरचे चिन्ह साधारण ५,००० ते १०,००० टाक्यांचे असते, म्हणून हा मधला आकडा धरला आहे.

एका सुईच्या मशीनवर, ६०० च्या वेगाने, टाके घालायला १३.३ मिनिटे लागतात. चार रंगांना बदल किती? विद्यार्थी पटकन तीन म्हणतात. पण चौथा रंग संपल्यावर पुढच्या नगासाठी पुन्हा पहिला ओवावा लागतो, म्हणून नगाला चार बदल. हात बसल्यावर एका बदलाला एक मिनिट धरू: ४ मिनिटे. कापड आणि खालचा पेपर फ्रेममध्ये ताणून बसवायला अडीच मिनिटे. एकूण १९.८ मिनिटे. दिवसात ३९० मिनिटे खरे काम झाले तर १९ नग.

आता दुसरी फ्रेम विकत घ्या. पहिला नग चालू असताना दुसरा बसवून ठेवा. अडीच मिनिटांऐवजी फक्त अदलाबदलीचे एक मिनिट जाईल. नगाला १८.३ मिनिटे, दिवसाला २१ नग.

अनेक सुयांच्या मशीनवर, ७०० च्या वेगाने, टाक्यांना ११.४ मिनिटे. चार आपोआप होणारे बदल मिळून अर्धा मिनिट. फ्रेमची अदलाबदल एक मिनिट. एकूण १२.९ मिनिटे, दिवसाला ३० नग.

२१ आणि ३० मधला फरक कुठून आला ते पाहा. नगामागे एकूण ५.४ मिनिटे वाचली. त्यातली वेगाने वाचवली १.९ आणि रंगबदलाने वाचवली ३.५. हेच काम एका रंगाचे असते तर घरगुती मशीन २७ नग काढते आणि मोठे ३१. म्हणजे फारसा फरकच नाही. नऊ रंगांचा मोर असेल तर घरगुती १६ वर येते आणि मोठे २८ वर राहते. तेव्हा मशीन पाहायला जाण्याआधी तुमच्या कामात सरासरी किती रंग येतात ते मोजा. माहितीपत्रकातल्या वेगाच्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त सांगतो.

आणखी एक गोष्ट या मिनिटांत दिसत नाही. एका सुईचे मशीन दर तीन-चार मिनिटांनी तुम्हाला हाक मारते. त्या वेळात तुम्हाला शेजारच्या यंत्रावर ब्लाउज शिवता येत नाही की दारात आलेल्या ग्राहकाचे माप घेता येत नाही. घरातली एकटी बाई सगळे बघणार असेल तर याची किंमत बरीच असते.

फ्रेमचे माप

फ्रेम जेवढी, तेवढेच एका वेळी भरता येते. फ्रेमचे बाहेरचे माप आणि आत सुई जिथवर पोचते ते माप वेगळे असते. विचारताना दुसरे विचारा. घरगुती मशीनमध्ये २०० गुणिले २८० मिलिमीटर हे चांगले मोठे माप समजतात. शाळेच्या चिन्हाला ते भरपूर आहे. पण ब्लाउजच्या पाठीचा गळा, दोन्ही खांद्यांपर्यंतच्या वेलबुट्टीसह, बहुतेक वेळा त्यात मावत नाही. डिझाइन दोन भागांत तोडून, कापड काढून पुन्हा बसवून, खुणा जुळवून भरावे लागते. एक मिलिमीटरची चूक झाली तरी वेलीला सांधा दिसतो. सुती कापडावर ते निभावते, पण पैठणीच्या ब्लाउजपीसवर उसवलेल्या सुईची भोके राहतात आणि पीस भरून द्यावा लागतो. ब्लाउज हाच तुमचा मुख्य धंदा असणार असेल तर आधी पाच-सहा प्रकारच्या गळ्यांची मापे कागदावर काढा, आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

ब्लाउजचे एक सोपे आहे: काम कापायच्या आधी, सपाट कापडावर होते. शर्टाचा खिसाही शिवायच्या आधी सपाटच असतो. तयार टी-शर्ट, टोपी, पिशवी, शिवलेली बाही यांचे तसे नाही. टोपीला तर वेगळी गोल फ्रेम आणि ती फिरवणारी जोडणी लागते, ती घरगुती मशीनवर सहसा मिळत नाही. सपाट मशीनवर टी-शर्ट होतच नाही असे नाही. कापड चारी बाजूंनी गुंडाळून, टाचण्या लावून, डोळ्यात तेल घालून करतात. पण चाळीस नगांत दोन बिघडले की त्या ऑर्डरची मजुरी गेली.

देवनागरी अक्षरांबद्दलही इथेच सांगते. नेहमीचा ४० नंबरचा धागा साधारण ०.४ मिलिमीटर जागा घेतो. इंग्रजी मोठी अक्षरे ५ मिलिमीटर उंचीची असली तरी वाचता येतात. तेवढ्याच उंचीत 'श्री' किंवा 'ज्ञानप्रबोधिनी' लिहिले तर जोडाक्षरे, मात्रा आणि शिरोरेखा एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसतो. मराठी नावाला जास्त उंची द्या, नाहीतर ६० नंबरचा बारीक धागा आणि ६५ ची बारीक सुई वापरा. ग्राहकाला हे ऑर्डर घेतानाच दाखवायचे असते, म्हणून नमुन्याचे एक कापड करून ठेवा.

पैशाचा हिशोब

इथे मी काही आकडे धरून चालणार आहे. ते बाजारभाव नाहीत. तुमच्या हातातल्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला. कोटेशन मागताना जीएसटी, वाहतूक आणि बसवून देण्याचा खर्च धरूनच मागा.

समजा घरगुती मशीनसाठी १,२०,००० रुपये कर्ज लागले आणि अनेक सुयांच्या मशीनसाठी ३,५०,०००. व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ते अनुक्रमे सुमारे २,६०० आणि ७,६०० रुपये येतात. वीज, जागा, देखभाल, पंचिंग मिळून पहिल्याला महिना १,९०० आणि दुसऱ्याला ३,४०० धरा. म्हणजे काम आले नाही तरी दरमहा ४,५०० किंवा ११,००० रुपये जाणारच.

आपल्या चार रंगी खिशाला ४५ रुपये मिळतात आणि धागा, पेपर, सुया यांना ८ रुपये जातात असे धरू. नगामागे ३७ रुपये उरतात. घरगुती मशीनचा बांधील खर्च १२२ नगांत निघतो, मोठ्याचा २९८ नगांत. स्वतःची १२,००० रुपये मजुरीही हवी असेल तर नग होतात ४४६ आणि ६२२. गंमत अशी की दिवसांत मोजले तर दोन्हीकडे साधारण २१ दिवसच भरतात, कारण मोठे मशीन दिवसाला जास्त नग काढते. फरक दिसतो तो काम कमी असते तेव्हा. शाळांना सुट्टी लागली आणि महिन्यात १५० च नग आले, तर घरगुती मशीन १,०५० रुपये हातात ठेवते आणि मोठे ५,४५० रुपये खिशातून घेते.

उलट बाजूही पाहू. २५ दिवसांत घरगुती मशीन जास्तीत जास्त ५२५ नग काढेल आणि मोठे ७५०. समजा ७०० नगांची मागणी आली. घरगुती मशीन ५२५ करून थांबेल आणि खर्च जाऊन १४,९२५ रुपये देईल. मोठे ७०० पुरे करून १४,९०० देईल. म्हणजे सपाट, चार रंगी कामात महिन्याला ७०० नग येईपर्यंत मोठे मशीन जास्त पैसे देत नाही! मी हा हिशोब वर्गात मांडते तेव्हा मुलांना पहिल्यांदा पटत नाही. मग ती आकडे बदलून बघतात, आणि तेच मला हवे असते. रंग वाढवा, नगाचा भाव वाढवा, तयार कपड्यांचे काम धरा. निकाल लगेच मोठ्या मशीनकडे झुकतो. तयार कपडेच करायचे असतील तर तुलनाच नाही, कारण घरगुती मशीनची बाजू जवळजवळ शून्य होते.

घरगुती मशीनच्या बाजूने बोलताना एक कबुली द्यायला हवी. ते रोज सात-आठ तास वर्षानुवर्षे चालण्यासाठी केलेले नसते. वॉरंटीच्या कागदावर व्यावसायिक वापर वगळला आहे का ते विकत घेण्याआधी वाचा. दुकानदार तोंडी काय म्हणतो त्याला अर्थ नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचे कर्ज शिशु गटात आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे किशोर गटात येते. त्याला तारण लागत नाही. वहिनीचे गंठण तारण ठेवायची गरज नव्हती, हेही मला नंतर कळले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नव्या उद्योगाला अनुदान असते. महिलांना शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. मात्र ते हातात मिळत नाही. बँक ते तीन वर्षे वेगळ्या ठेवीत ठेवते आणि नंतर कर्जात वळते करते. अनुदानाच्या भरवशावर हप्ता किंवा धाग्याची उधारी ठरवू नका.

दुकानातली चाचणी

दुकानदार नेहमी स्वतःच्या पांढऱ्या, कडक कापडावर स्वतःचे फूल काढून दाखवतो. तसे कोणतेही मशीन छान दिसते. तुम्ही तुमचे कापड आणि तुमचे डिझाइन घेऊन जा. सोलापूरकडे गणवेशाचे काम मोठे आहे. तिथे बसणार असाल तर गणवेशाचेच टेरीकॉट न्या. तिरुपूरच्या बाजूला असाल तर ताणणारे होजिअरी न्या. डिझाइन पूर्ण होईपर्यंत तिथे बसून राहा. धागा किती वेळा तुटला ते मोजा. पूर्ण झाल्यावर कापड उलटे करा: रुंद साटीनच्या मागे मधल्या एक तृतीयांश पट्टीत बॉबिनचा पांढरा धागा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला पाहिजे. पांढरे वर डोकावत असेल किंवा मागे अजिबात दिसत नसेल तर ताण बरोबर नाही. ताण तुमच्यासमोर नीट करून दाखवायला सांगा, कारण उद्या ते तुम्हालाच करायचे आहे. डिझाइनभोवती कापड चुरगळले तर मात्र लगेच मशीनला दोष देऊ नका. बहुतेक वेळा पेपर कमी पडलेला असतो किंवा फ्रेममध्ये कापड सैल असते.

चालू असताना मेन स्विच बंद करायला सांगा. दुकानदाराला हे आवडत नाही, तरी सांगा. वीज परत आल्यावर मशीन त्याच टाक्यावरून पुढे जाते का, की सुरुवातीला येते? गावात राहणाऱ्याला हा प्रश्न वेगाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. यूपीएस किती क्षमतेचा लागेल ते मशीनवरच्या पट्टीवरील वॅट पाहून ठरवा, आणि अर्थिंग नीट करून घ्या.

फाइलचेही विचारा. ताजिमा कंपनीचा डीएसटी हा प्रकार व्यावसायिक मशीन सर्रास वाचतात. ब्रदरचा पीईएस आणि जानोमचा जेईएफ. डीएसटीमध्ये टाके आणि रंग बदलायच्या जागा असतात, पण रंग कोणते ते नसते; म्हणून पंचिंगवाल्याकडून रंगांचा क्रम कागदावर घ्या. महागडे सॉफ्टवेअर मशीनबरोबर गळ्यात पडत असेल तर आधी थांबा. इंकस्केपला जोडून चालणारे इंक-स्टिच हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नावे, साधी चिन्हे यांना पुरते. अवघड डिझाइन पंचिंगवाल्याकडून करून घेता येते; तो खर्च एकदाच होतो.

शेवटी दुरुस्ती. हुकचे टायमिंग बिघडले की मशीन बंद, आणि ते जुळवणे हे शिकलेल्या माणसाचे काम. तो माणूस कोणत्या गावात राहतो, फोन केल्यावर किती दिवसांत येतो, येण्याचे किती घेतो? हे विक्रेत्याला विचारू नका. तेच मशीन दोन वर्षे वापरणाऱ्या दोघांचे पत्ते विक्रेत्याकडून घ्या आणि त्यांना जाऊन विचारा. पत्ते द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालेच. जुने मशीन घेण्याचा विचार असेल तर हीच चौकशी दुप्पट काळजीने करा. जुन्याचे कंट्रोल बोर्ड गेले तर स्वस्ताई तिथेच संपते.

मशीनच्या आधी वही

मला आज कोणी विचारले तर मी मशीनचे नाव सांगत नाही, वही करायला सांगते. तीन महिने मशीनशिवाय ऑर्डर घ्या. काम जवळच्या जॉब वर्कवाल्याकडून करून घ्या. नफा थोडा राहील, एखाद्या वेळी राहणारही नाही. प्रत्येक ऑर्डरला वहीत सहा गोष्टी लिहा: किती नग, किती टाके, किती रंग, डिझाइनचे लांबी-रुंदीचे माप, कापड सपाट होते की तयार कपडा, आणि ग्राहकाने किती पैसे दिले. परत पाठवलेल्या ऑर्डरही लिहा, का पाठवल्या ते कारणासह.

वहिनीने ही वही मशीन घेतल्यानंतर सुरू केली. त्यात दिसले की टी-शर्टांच्या चौकश्या मोजक्याच होत्या, आणि गणवेश शिवणाऱ्यांना सुट्या खिशांवरची चिन्हे व शिवून लावायचे बिल्ले हवे होते. दोन्ही सपाट काम. तिने टी-शर्ट घेणे बंद केले. आता त्याच मशीनवर, दोन फ्रेम ठेवून, ती खिसे करते. गंठण दीड वर्षाने सुटले. अनेक सुयांचे मशीन घ्यायचे तिच्या मनात आहे; वहीत सलग किती महिने ७०० च्या वर नग जातात ते ती बघते आहे. अजून दोनच महिने गेले आहेत.

स्वाध्याय

१. एका ऑर्डरमध्ये ६,००० टाक्यांचे, दोन रंगांचे चिन्ह आहे. वर दिलेले वेग आणि वेळा धरून, दोन फ्रेम असलेल्या घरगुती मशीनवर ३९० मिनिटांत पूर्ण किती नग होतील? (उत्तर: ३०)

२. वरच्या उदाहरणात नगाचा भाव ४५ ऐवजी ६० रुपये धरा. दोन्ही मशीनचा बांधील खर्च किती नगांत निघेल? (उत्तर: ८७ आणि २१२)

३. तुमच्या गावातल्या एका एम्ब्रॉयडरीवाल्याकडे अर्धा दिवस बसा. मशीन प्रत्यक्ष टाके घालत होते ती मिनिटे आणि थांबून होते ती मिनिटे वेगळी लिहा, आणि प्रत्येक थांबण्यासमोर त्याचे कारण लिहा.